दारू सोडणाऱ्याला मराठीत बोलायला जागा द्या

सीमाभागातील मराठी माणसाच्या हक्कांविषयी या पत्रकात आपण सातत्याने लिहितो. सरकारी परिपत्रके मराठीत मिळावीत, फलकावर मराठी असावी, शाळा टिकाव्यात, या मागण्या रास्तच आहेत. पण एक प्रश्न असा आहे की ज्याच्यासाठी ना बेंगळुरूला निवेदन द्यावे लागते, ना दिल्लीला. तो म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्या आपल्याच माणसाचा.

केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. बाकीचे कुठे असतात? आपल्याच गल्लीत असतात. बँकेत काम करणाऱ्या आम्हाला ते वेगळ्या बाजूने दिसतात. पगार झाल्याच्या आठवड्यातच खाते रिकामे होते आणि मग घरातली बाई दागिना तारण ठेवायला येते. कारण ती सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.

अशा घराला लोक दोनच सल्ले देतात. एक, देवापुढे शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावा. दुसरा, जाहिरातीतली पूड न कळत जेवणात मिसळा. दोन्ही धोक्याचे आहेत. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. दारूशी प्रतिक्रिया करणारे औषध लपवून दिले आणि त्यावर तो प्याला, तर तेही जिवावर बेतू शकते. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक विकारही धरलेले आहेत. सरकारी इस्पितळात उपचार मागणे हा हक्क आहे, उपकार नव्हे.

खरी कसोटी लागते ती घरी परतल्यावर. मित्र तेच, रस्ता तोच. तिथे गटाचा आधार लागतो. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. तिथे वर्गणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. कोण आले, काय बोलले, हे बाहेर सांगायचे नाही. अशा गटांचा उपयोग होतो का, या शंकेलाही उत्तर आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेनच्या आढाव्यात, संपूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत या बैठकांकडे वळवणारे उपचार इतर प्रचलित उपचारांच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस ठरले.

मग आपल्याला योग्य गट कोणता? एका बैठकीवरून निकाल देऊ नये, दोन-तीन ठिकाणी बसून पाहावे. खानापूरच्या माणसाला परतीची बस चुकेल अशी वेळ असेल, तर तो गट कितीही चांगला असला तरी टिकणार नाही. ओळखीचे भेटतील अशी लाज वाटत असेल तर सुरुवातीला दुसऱ्या उपनगरातली बैठक धरावी. आणि भाषा. बायकोवर हात उचलल्याची कबुली माणूस ज्या भाषेत रडतो त्याच भाषेत देऊ शकतो. म्हणून मराठी बैठक हवी. मात्र भाषेसाठी लढणारे आम्हीच हेही सांगतो, की मराठी बैठक मिळेपर्यंत कानडी वा हिंदी बैठकीला जरूर जावे. जीव वाचवताना सीमाप्रश्न आड आणू नये. चौकशीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

घरच्यांनाही आधार लागतोच. अल्-अॅनॉनचे गट कुटुंबीयांसाठीच असतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे.

आता आपल्या संस्थांविषयी. मिरवणुकीच्या रात्री मंडळांच्या मागच्या बाजूला काय चालते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. त्याच मंडळांकडे सभागृहे आहेत, वाचनालये आहेत आणि ती आठवड्यातून चार संध्याकाळ कुलूपबंद असतात. त्यांतली एक खोली एक संध्याकाळ द्यावी. पण फुकट देऊ नये. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस बाहेरची देणगी घेत नाही, तेव्हा परवडेल असे भाडे घ्यावे. दारात फलक नको, उद्घाटन नको, पुढाऱ्याचे भाषण नको, छायाचित्र तर नकोच. आत कोण बसले याची नोंदही संस्थेने ठेवू नये. कानडी बोलणारा आला तर त्यालाही खुर्ची असावी. श्रेय न घेता काम करणे आपल्याकडे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. इथे मात्र श्रेय घेतले की काम मोडते.

येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत प्रत्येक संस्थेने हा विषय घ्यावा आणि खोलीची किल्ली कोणाकडे राहील एवढे तरी ठरवून उठावे. मराठी टिकवायची तर मराठी माणूस आधी टिकला पाहिजे. विचार व्हावा.