पुस्तक कोरं ठेवण्यात कसला अदब?

परीक्षा संपली की मुलांकडून जुनी पुस्तकं परत घेतली जातात. ज्याचं पुस्तक अगदी नव्यासारखं, त्याला सगळ्यांसमोर उभं करून शाबासकी मिळते. टाळ्या वाजतात. मीही पुष्कळ वर्षं वाजवल्या. आता हात पुढे येत नाहीत. वर्षभर वापरलेलं पुस्तक नव्यासारखं राहिलं असेल, तर वर्षभर त्याचं नेमकं झालं काय?

मी धाराशिव जिल्ह्यात उर्दू आणि मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीला मराठीचा एक धडा चालू होता. उन्हाळ्यातलं गाव, घरी आलेले पाहुणे, अंगणात पंगत, असं छान वर्णन होतं. पुस्तकं तपासताना एका मुलीच्या पुस्तकात, त्याच वर्णनाशेजारी समासात, पेन्सिलीनं उर्दूत लिहिलेलं दिसलं: ‘पानी कौन लाया?’

मी चिडले. “किताब वापस करनी है ना? मिटाओ इसे.” तिनं मान खाली घालून खोडरबरानं ओळ पुसली.

ती मुलगी सकाळी टँकरच्या रांगेत घागरी लावून मग शाळेत यायची. मला ते ठाऊक होतं. तरी तिनं काय लिहिलंय हे कळायला मला संध्याकाळ लागली. एवढ्या पंगतीचं पाणी कुणाच्या तरी डोक्यावरून आलं असणार, हे लेखकाला सुचलं नव्हतं. इतकी वर्षं तो धडा शिकवून मलाही सुचलं नव्हतं. माझ्या पाठटाचणात त्यासाठी रकानाच नव्हता. त्या दिवशी वर्गात धडा वाचला होता तो एकट्या तिनं, आणि बोलणी खाल्ली तीही तिनंच.

आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर असतं: ‘किताब की बेअदबी होती है.’ या अदबीबद्दल मला दोन शब्द बोलायचे आहेत.

मुसहफच्या अरबी मजकुरात आपला शब्द मिसळू नये ही काळजी रास्तच आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण घरातला कुरआन शरीफ उघडून पाहा. समासात रुकूचा ऐन आहे, पाऱ्याच्या खुणा आहेत. तर्जुम्याच्या कितीतरी प्रतींत हाशियावर तफसीर छापलेली आहे. मदरशातल्या जुन्या किताबांत मधे मूळ मजकूर, भोवती शरह, तिच्या कडेनं हाशिया आणि ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात अर्थ. त्याला नावही आहे, बैनुस्सुतूर. आपल्या बुजुर्गांनी किताबाचा अदब केला तो असा, तिच्याशी बोलून. आणि ज्या पहिल्या वहीत वाचायचा हुकूम आला, त्याच वहीत कलमाचाही उल्लेख आहे. आपण वाचन तेवढं उचललं आणि कलम ठेवून दिलं.

मराठीची गोष्ट वेगळी नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच. त्या काळी टीका म्हणजे दोष काढणं नव्हे, अर्थ उलगडून सांगणं. आज टीका म्हटलं की भांडण आठवतं, आणि टीप म्हटलं की गाईड.

दख्खनशी नातं असलेला एक किस्सा सांगते. सतराव्या शतकात कुतुबशाहीत, गोवळकोंड्याच्या दरबाराच्या आश्रयानं, ‘बुरहाने काते’ नावाचा मोठा फारसी शब्दकोश तयार झाला. पुढे हिंदुस्थानभर त्याचा दबदबा होता. १८५७ च्या धामधुमीत मिर्झा गालिब दिल्लीत घरात अडकून पडले होते. हाताशी हा कोश होता. ते वाचत गेले आणि जिथं पटलं नाही तिथं कडेला लिहीत गेले. त्याच टिपणांतून ‘काते बुरहान’ हे पुस्तक झालं, ते १८६२ साली छापलं गेलं. केवढा गदारोळ उठला! उलट पुस्तकं निघाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. गालिबचे सगळेच आक्षेप बरोबर नव्हते. पण छापलेल्या शब्दाला ‘हे मला पटत नाही’ असं सांगायला ते कचरले नाहीत. आपली मुलं तर बोर्डाच्या पुस्तकातली छपाईची चूकसुद्धा इमानदारीनं वहीत उतरवतात.

बाबासाहेब आंबेडकरांच्या संग्रहातल्या पुस्तकांवर पेन्सिलीच्या रेघा आणि खुणा आहेत. जॉन ड्युई हे कोलंबिया विद्यापीठात त्यांचे प्राध्यापक. त्यांच्या ग्रंथांच्या बाबासाहेबांनी वाचलेल्या प्रती आजचे अभ्यासक उघडतात, ते त्या खुणांसाठी. कुठे ते थांबले, कुठे जोर दिला, हे त्यावरून कळतं. बाबासाहेबांनी पुस्तकं कोरी ठेवली असती, तर हा माग कुणाला लागला नसता.

आता आपल्या शाळांकडे येऊ. २०२३-२४ पासून राज्य सरकारनं आठवीपर्यंतच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली. पानावर नाव होतं ‘माझी नोंद’. पुस्तकाचे चार भाग झाले. दप्तराचं ओझं कमी व्हावं, वह्या घेणं परवडत नाही त्यांची सोय व्हावी, हा हेतू. जानेवारी २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. मुलं वेगळ्या वह्या आणतातच, पानांचा हवा तसा उपयोग होत नाही, असं कारण दिलं गेलं.

सरकारला दोष देणं सोपं आहे. पण ती पानं वाया कुणी घालवली? आपण शिक्षकांनीच. नाव ‘माझी नोंद’ आणि लिहायला लावलं फळ्यावरचं, पस्तीस पुस्तकांत एकच वाक्य! ‘माझी’ हा शब्द कुणी मनावरच घेतला नाही. काही ठिकाणी तर पान खराब होऊ नये म्हणून तेही कोरं ठेवलं. मुलाला स्वतःचं काही सांगायचं असेल, ही शक्यता आपल्या हिशेबातच नव्हती. मग पानं गेली तेव्हा हळहळायचं कुणी?

यावर आक्षेप येतील, ते रास्त आहेत. वाचनालयाचं पुस्तक सगळ्यांचं असतं, त्यावर लिहू नये. त्यात कागदाची चिठ्ठी ठेवा, वहीत पान क्रमांक टाकून लिहा. चार रंगांचे मार्कर घेऊन पान रंगवणं म्हणजेही वाचणं नव्हे. निम्मं पान पिवळं केलं तर महत्त्वाचं काय ते तुम्हालाच कळलेलं नसतं. लागते ती एक पेन्सिल. अडलेल्या शब्दाखाली रेघ, पटलं नाही तिथं प्रश्नचिन्ह, आणि कडेला स्वतःचे दोन-चार शब्द, ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत. उर्दू माध्यमाचं आमचं मूल मराठी शब्दावर उर्दू अर्थ लिहितं, तेव्हा डावीकडून येणारी लिपी आणि उजवीकडून येणारी लिपी त्या समासात भेटतात. ती जागाही पुसून टाकली, तर ही मुलं मराठी पाठ करतील, पण ती त्यांची होणार नाही.

आणि पुस्तक परत करायचंय, पुढच्या गरीब मुलाला द्यायचंय, त्याचं काय? द्या की. हाशियावर हाशिया लिहिण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. एकानं लिहिलं, पुढच्यानं त्याला उत्तर दिलं. यंदा पुस्तकं गोळा करताना मी खोडरबर वाटले नाहीत. सातवीच्या त्या धड्याशेजारी एका पुस्तकात मी स्वतः पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे: ‘पानी कौन लाया?’ खाली चार बोटं जागा सोडली आहे. जूनमध्ये ते पुस्तक ज्याच्या हाती जाईल, तो काय लिहितो ते बघायचं आहे.