शनिवारची लोकल

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. लग्नानंतरची आमची पहिली भटकंती इथलीच. आजही महिन्यातला एक शनिवार आम्ही दोघं सह्याद्रीसाठी राखून ठेवतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहात पाय हमखास रेंगाळतात. सुमारे 2000 वर्षांपूर्वीचं हे लेणं. छताच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत, खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. आणि दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या, एकमेकांना खेटून उभ्या. पहिल्यांदा त्या पाहून ही म्हणाली, “बघ ना, किती निवांत आहेत दोघं!” आठवडाभर घरात आमचं बोलणं गॅस, बिलं आणि मुलांच्या फीभोवती फिरतं. त्या भिंतीपुढे हे विषय सुचतही नाहीत.

नवरा-बायकोने मोठ्या, खर्चिक सहलीची वाट पाहत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. लोकलचं तिकीट आणि डब्यातली पोळी-भाजी पुरते.

या अंकात अशाच जोडप्यांच्या भटकंतीचे अनुभव आहेत. तुमचाही लिहून पाठवा. पाठवण्याआधी एकदा जोडीदाराला वाचून दाखवा.