हाताच्या टप्प्यातली कसोटी



सुट्ट्या जवळ आल्या की घराघरांत सहलीची बोलणी सुरू होतात. या वेळी आम्ही तुम्हाला अशा एका सहलीविषयी सांगणार आहोत, जिला माणशी कित्येक लाख रुपये लागतात. म्हणजे ती तुमच्या-आमच्या आवाक्यातली नाही. तरीही ती समजून घेण्यासारखी आहे. एवढे पैसे भरून गेलेल्या पाहुण्याला तिथे पहिल्याच दिवशी जे बजावले जाते, ते आपल्याला फार पूर्वी शिकवले गेले आहे.

ही सहल गॅलापागोस बेटांची. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात, विषुववृत्तावर ही बेटे आहेत. आपण इकडे नमाजला पश्चिमेकडे तोंड करतो. तिथे किब्ला पूर्व-ईशान्येला येतो, इतके ते ठिकाण दूर आहे. ही बेटे कधीच कोणत्या खंडाला जोडलेली नव्हती. समुद्राच्या तळाखाली एके ठिकाणी लाव्हा वर येतो, त्यावरून जमिनीचा कवचासारखा थर हळूहळू पूर्वेकडे सरकत जातो आणि एकामागून एक बेट तयार होते. म्हणून पूर्वेकडची बेटे जुनी आणि झिजलेली, तर पश्चिमेकडची तरुण आणि धगधगती. पश्चिम टोकाच्या फर्नांदिना बेटावर मार्च २०२४ मध्येही ज्वालामुखीचा उद्रेक झाला. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच एका तप्त जागेवर घडला, हे मुलांना जरूर सांगावे.

या बेटांवर मोठी प्रवासी जहाजे जाऊ शकत नाहीत. एका जहाजावर जास्तीत जास्त १०० प्रवासी, असा नियम आहे, आणि बरीचशी जहाजे त्याहून पुष्कळ लहान असतात. जहाज हेच हॉटेल. रात्री ते एका बेटाकडून दुसऱ्या बेटाकडे जाते आणि सकाळी रबरी होडीतून प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवते. कुठे खडकावर पाय ठेवायचा, तर कुठे गुडघाभर पाण्यात उडी मारायची. सोळा माणसांमागे राष्ट्रीय उद्यानाने परवाना दिलेला एक गाईड असतो. त्याच्याशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही. आखून दिलेल्या पायवाटेवरूनच चालायचे आणि दिवस मावळण्यापूर्वी जहाजावर परतायचे. बेटांच्या सुमारे ९७ टक्के जमिनीवर १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. परदेशी प्रौढ प्रवाशाचे प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून दुप्पट करून २०० डॉलर केले गेले.

आता तिथे दिसते काय, ते पाहू. घोरपडीसारखा दिसणारा समुद्री इग्वाना पाण्यात बुडी मारून शेवाळ खातो आणि अंगातले जादा मीठ नाकावाटे फवारून टाकतो. एक पाणकावळा आहे, ज्याला उडताच येत नाही. विषुववृत्तावर पेंग्विन राहतात, कारण थंड पाण्याचे प्रवाह तिथपर्यंत येतात. निळ्या पायांचा बूबी पक्षी पायवाटेच्या कडेलाच अंडी उबवत बसतो. अडीचशे किलो वजनाची कासवे संथपणे चरत असतात. पण प्रवाशांना सर्वांत जास्त नवल वाटते ते एकाच गोष्टीचे. यातला एकही प्राणी माणसाला पाहून पळत नाही. सी-लायन तर गावातल्या बाकावर खुशाल झोपलेले असतात.

या न पळण्याचे कारण सोपे आहे. माणूस तिथे फार उशिरा पोहोचला. १५३५ मध्ये पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा यांचे जहाज वारा पडल्यामुळे प्रवाहाबरोबर भरकटत तिथे गेले. तेव्हाच जगाला या बेटांचा पत्ता लागला. १८३५ मध्ये तिथे गेलेल्या चार्ल्स डार्विनने लिहून ठेवले आहे की, पक्षी इतके निर्धास्त होते की एका शिकारी पक्ष्याला त्याने बंदुकीच्या नळीने ढकलून फांदीवरून खाली उतरवले. डार्विनच्या सिद्धांतावर आपल्या घरांत वाद होतात. तो विषय आज बाजूला ठेवू. ही त्याची नोंद मात्र डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची आहे.

या निर्धास्तपणाचे आपण काय केले? समुद्री चाचे आणि देवमासे मारणारे खलाशी तिथे उतरत आणि न पळणारी कासवे उचलून जहाजात नेत. कासव अन्नपाण्याविना वर्षभर जगू शकते, म्हणून ताज्या मांसाचा साठा म्हणून त्यांना जहाजाच्या तळघरात उलटे रचून ठेवत. अशी एक लाखाहून अधिक कासवे नेली गेली, असा अंदाज आहे. पुढे माणसाने आणलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि बकऱ्यांनी उरलेल्यांचे जगणे कठीण केले. पिंटा बेटावर १९५९ मध्ये मच्छीमारांनी तीन बकऱ्या सोडल्या. काही वर्षांतच त्यांच्या हजारो झाल्या आणि कासवांचा चारा संपला. त्या बेटाच्या जातीचे एकच कासव १९७१ मध्ये सापडले. जगाने त्याला ‘लोनसम जॉर्ज’, म्हणजे एकटा जॉर्ज, असे नाव दिले. २४ जून २०१२ रोजी तो मेला आणि ती जात पृथ्वीवरून गेली.

हे फक्त तिथेच घडले असे नाही. मराठी बोलणारी माणसे आजही ज्या मॉरिशसमध्ये राहतात, तेही ज्वालामुखीतून वर आलेले बेट. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा ज्या तप्त जागेतून आला, तिथूनच नंतर तेही घडले. तिथला डोडो हा न उडणारा पक्षी माणसाला भीत नसे. १५९८ मध्ये डच खलाशी तिथे पोहोचले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. त्याआधी काही डोडो आपल्या सुरतेपर्यंत आणले गेले होते. जहांगीर बादशहाच्या दरबारातील उस्ताद मन्सूरने काढलेले मानले जाणारे डोडोचे एक चित्र आज रशियात सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. चित्र राहिले, पक्षी राहिला नाही.

म्हणून आज गॅलापागोसमध्ये पाहुण्याला पहिल्या दिवशी बजावतात: कोणत्याही प्राण्यापासून दोन मीटर दूर राहा, आणि तो स्वतः जवळ आला तर तुम्ही मागे सरा. हात लावू नका. खाऊ घालू नका. दगड, शिंपला, पिसे काहीही उचलू नका. एका बेटावरची वाळू किंवा बी दुसऱ्या बेटावर जाऊ नये, म्हणून बुटांचे तळवे धुऊन घ्या.

हे वाचताना आम्हाला हरम शरीफची आठवण झाली. मक्केच्या हद्दीत शिकारीला हुसकावूनही लावायचे नाही आणि तिथले काटेरी झुडूपही तोडायचे नाही, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. तिथली कबुतरे हाजींच्या पायांत निर्धास्त फिरतात, ती याच हुरमतीमुळे. सूरह माइदाच्या ९४व्या आयतीत तर एहराममधल्या माणसाची कसोटी सांगितली आहे, ती हात आणि भाला पोहोचेल इतक्या जवळ आलेल्या शिकारीची. काही मुफस्सिर लिहितात की, हुदैबियाच्या प्रवासात वन्य प्राणी आणि पक्षी सहाबांच्या मुक्कामापर्यंत येऊ लागले होते. दूर पळणाऱ्या हरणाला सोडून देण्यात काय मोठेपणा? हाताच्या टप्प्यात असलेल्याला हात न लावणे, ही खरी कसोटी. गॅलापागोस म्हणजे हरम नव्हे; तिथले नियम माणसांनी केले आहेत आणि हरमची हुरमत अल्लाहने ठरवली आहे. पण दुबळ्याने टाकलेल्या विश्वासाला अमानत समजायचे, ही शिकवण दोन्हीकडे दिसते.

इथे एक प्रश्न कोणालाही पडेल. एस्पान्योला बेटावर मॉकिंगबर्ड नावाचा पक्षी आहे. त्या कोरड्या बेटावर गोडे पाणी जवळजवळ नाहीच. हा पक्षी प्रवाशांच्या पाण्याच्या बाटलीवर येऊन बसतो, झाकणावर चोच मारतो. नियम म्हणतो, त्याला एक थेंबही देऊ नका. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणून पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण मुलांना शिकवतो. मग हा नियम निष्ठुर नाही का?

आम्हाला तो तसा वाटत नाही. तो कुत्रा तहानेने मरणाला टेकला होता. हा पक्षी मात्र त्याच बेटासाठी घडलेला आहे; त्याची व्यवस्था करणाऱ्याने ती करून ठेवली आहे. रोज येणाऱ्या माणसांच्या बाटल्यांची सवय लागली, तर त्याचे आपले आपण जगणे सुटेल आणि माणसांबरोबर आलेले आजारही त्याला लागतील. रहम करायचा तर आधी समोरच्याची गरज नीट जाणून घ्यावी लागते. आपल्या अंगणातली गोष्ट वेगळी आहे. इथे झाडे आपण तोडली, ओढे आपण बुजवले. एप्रिल-मे महिन्यांत चिमणीसाठी गॅलरीत मातीच्या भांड्यात पाणी ठेवणे, हे तिच्या हक्काचे थोडे तरी परत करणे आहे.

पर्यटनाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी २००१ मध्ये सान क्रिस्टोबाल बेटाजवळ एक तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि त्यातले तेल समुद्रात गेले. त्यात बेटांसाठीचे डिझेल होते आणि एका पर्यटक जहाजासाठीचे इंधनही. वाऱ्याने आणि प्रवाहाने बरेचसे तेल खोल समुद्राकडे नेले, म्हणून लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण पुढच्या वर्षभरात सांता फे बेटावरचे सुमारे ६२ टक्के समुद्री इग्वाना मेले, असे संशोधकांना आढळले. निसर्ग पाहायला जाणाऱ्याच्या हौसेचाही भार निसर्गावर पडतो. म्हणून जहाज लहान, म्हणून माणसे मोजकी.

या साऱ्यात आशा वाटावी अशीही एक हकीकत आहे. त्याच एस्पान्योला बेटावर एके काळी फक्त १४ कासवे उरली होती. त्यांना सांताक्रूझ बेटावरच्या केंद्रात आणले गेले. अनेक वर्षांपूर्वी याच बेटावरून अमेरिकेत नेलेला ‘दिएगो’ हा नरही तिथल्या प्राणिसंग्रहालयातून परत आणला. पिल्ले वाढवून बेटावर सोडण्याचे काम पन्नासेक वर्षे चालले. २०२० पर्यंत बेटावर सुमारे २,००० कासवे झाली आणि ती पंधरा म्हातारी कासवेही आपल्या घरी परतली. माणसाने बिघडवलेले सगळेच कायमचे जात नाही. पण ते दुरुस्त करायला एका पिढीचा धीर पुरत नाही.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहू. आपल्याला पाहताच खार झाडावर पळते, मांजराचे पिल्लू गाडीखाली घुसते आणि गलोल हातात असलेले पोर दिसले की सगळे झाड रिकामे होते. सूरह अनआमच्या ३८व्या आयतीत ज्यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे, त्यांची आपल्याविषयीची ही साक्ष आहे. एका प्रवासात सहाबांनी एका लहानशा पक्षिणीची दोन पिल्ले उचलली, तेव्हा ती आई तडफडत घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी (स.) ती पिल्ले लगेच परत ठेवायला लावली. ही हदीस मुलांना सांगा आणि तिच्याबरोबर गॅलापागोसचा दोन मीटरचा नियमही सांगा. या सुट्टीत मामाच्या गावी गेल्यावर घरटे दिसले, तर ते दोन मीटरवरून पाहायचे, हात लावायचा नाही आणि फांदी हलवायची नाही. त्याला ना तिकीट लागते, ना व्हिसा.

अल्लाहने आपल्या हाती सोपवलेल्या मुक्या जिवांची अमानत सांभाळण्याची तौफीक तो आपणा सर्वांना देवो. आमीन.