एकतर्फी रामराम बंद!



काही शहाणे आम्हाला विचारतात, "जमिनीचं बोला ना! रामराम कोणी कसा घातला यात कशाला वेळ घालवता?" आम्ही म्हणतो, हे जमिनीचंच बोलणं आहे.

1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत देण्याचा कायदा आहे. तारखेला साहेब विचारतो, "जमीन परत घेऊन स्वतः कसशील का?" शेठ शेजारी खुर्चीवर. आमचा म्हातारा उभा, हात जोडलेले, मान खाली. जन्मभर "शेठ मायबाप" म्हटलेल्या तोंडातून निघतं, "शेठ म्हणेल तसं." झालं! कागदावर लिहितात, जमीन नको. खाली अंगठा.

यात शब्दाचा दोष नाही, रीतीचा आहे. "जोहार"च बघा. इकडे गावानं महारांना लांब उभं करून जोहार घालायला लावला. बाबासाहेबांच्या चळवळीनं तो टाकला, "जय भीम" घेतला. एक "जय भीम" म्हणतो, दुसराही तेच म्हणतो. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. तिकडे छोटा नागपुरात संथाळ, मुंडा, हो, उरांव हाच जोहार एकमेकांना घालतात. तिथं तो मानाचा. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे गोंड "जय सेवा" म्हणतात, समोरून "जय सेवा" येतं. "जिंदाबाद" फारसीतला, पण मोर्च्यात तो आमचा झाला. भाषा कुठलीही चालेल, समोरून उत्तर आलं पाहिजे.

आम्ही जंगल खात्याच्या गार्डाला सलाम घालतो, तो म्हणतो, "ए, कोंबडी आणली का?" हा कसला रामराम? ही वेठ! 1945 साली डहाणू-उंबरगावात आमच्या आज्यांनी लाल बावट्याखाली हातापायाची वेठ बंद पाडली. तोंडाची वेठ अजून चालू आहे.

आणि आपली शिकलेली पोरं! साहेबाला "गुड मॉर्निंग", अन् बाजारात आपली आजी दिसली तर मान फिरवतात. हेही बंद.

पाड्यापाड्यात ठरवा. कचेरीत ताठ उभं राहून एकदाच जोहार. उत्तर नाही आलं, तर दुसरा नाही. मायबाप कोणालाच म्हणायचं नाही. कोणी "ए" म्हटलं तर "नावानं बोलवा" सांगायचं. तारखेला एकट्यानं जायचं नाही. "जमीन माझी, मीच कसणार" असं मोठ्यानं सांगायचं. जबानी वाचून घेतल्याबिगर अंगठा नाही.

जोहार! जिंदाबाद!