खारातल्या कैऱ्या कशात घालाल?

परवा एक आजी उलट्यांनी बेजार होऊन दवाखान्यात आल्या. खारातली कैरी खाल्ली होती. कशात मुरवली, विचारले. तर कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात! मीठ आणि आंबट एकत्र आले की पितळेतले तांबे खारात उतरते. खार हिरवट झाला होता, पण आजींना तो रंग कैरीचाच वाटला. ॲल्युमिनियमही असेच झिजते. रंगाचा डबा, कीटकनाशकाचा कॅन कितीही घासा, खाण्याच्या कामाचा नाही. इथे मी कुणाचे ऐकत नाही. चिनीमातीची किंवा काचेची बरणी घ्या, तडा न गेलेली. आजींकडे बरणी होती. सुनेच्या हातून फुटेल म्हणून माळ्यावर ठेवलेली!