प्रमाणपत्र मिळाले, शिक्षणाचे काय?

शाळा किंवा कचेरी आटोपून घरी परतलेला नोकरदार रात्री पुन्हा विद्यार्थी होतो, हे चित्र शेवगावसारख्या तालुक्याच्या गावातही आता नवे राहिलेले नाही. घरची कामे उरकली, मुले झोपली, की मोबाइल उघडावयाचा आणि नेमून दिलेला ऑनलाइन अभ्यासक्रम पुढे सरकवावयाचा. या विद्यार्थ्याच्या मनात काय चालते, याचा विचार मात्र अभ्यासक्रम नेमून देणारे क्वचितच करतात. नोकरदारांना शिकण्याचाच कंटाळा आहे, असा सोपा निष्कर्ष काढून ते मोकळे होतात.

हा निष्कर्ष अनुभवाला धरून नाही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि शिक्षण अर्धवट सुटलेल्या असंख्य नोकरदारांनी पदवीची वाट धरली. पुढे एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, तेव्हा निवृत्तीकडे झुकलेले कर्मचारीही संगणकापुढे बसले. तेथे सक्ती होती, हे खरे. परंतु मराठी पुस्तक होते, जवळपास केंद्र होते आणि अडले तर विचारावयास शेजारी माणूस होता. भीती गेली ती या सोबतीमुळे.

ऑनलाइन शिक्षणाचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रशिक्षणासाठी अहिल्यानगरला खेपा घालण्याचा त्रास वाचतो. घर सोडून राहणे ज्यांना शक्य नाही, अशा स्त्री कर्मचाऱ्यांना तर हे दार मोठेच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र शासनाच्या मंचावर नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. तथापि त्यांतील बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते.

खरा सल निराळाच आहे. ‘निष्ठा’ हे शिक्षकांचे प्रशिक्षण २०१९ साली प्रत्यक्ष वर्गांनी सुरू झाले आणि कोरोनाच्या काळात ‘दीक्षा’ मंचावर गेले. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वेतनश्रेणींचे प्रशिक्षणही २०२२ साली ऑनलाइन झाले. अभ्यासक्रम असा आदेशाने आला, त्याला मुदत व वेतन जोडले गेले आणि वेळ मात्र कोणी दिला नाही, की व्हायचे तेच होते. चित्रफीत एकीकडे चालू राहते आणि माणूस दुसरीकडे उद्याची टाचणे काढीत बसतो. चाचणीची तयार उत्तरे गटागटांतून फिरू लागतात. दिवसा मुलांना नक्कल करू नका म्हणून बजावणारा शिक्षक रात्री स्वतः ती उत्तरे उतरवितो, तेव्हा त्याच्या हाती प्रमाणपत्र पडते; पण मनाला लागलेली बोच कोणत्याही अहवालात नोंदली जात नाही. शिक्षणाचीच लाज वाटावी, याहून मोठी हानी कोणती?

लाखो कर्मचाऱ्यांना एकत्र बसविणे खर्चाचे आहे, असे प्रशासन म्हणेल. ते रास्तही आहे. पण ऑनलाइन प्रशिक्षण बंद करा, अशी मागणी कोणी करीत नाही. मागणे एवढेच, की जे शिक्षण कामासाठी आवश्यक आहे, ते कामाच्या वेळेत धरावे. शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा होतच असतात. तेथे एक पाठ सर्वांनी मिळून पाहावा, आपल्या वर्गात तो कितपत उतरेल यावर बोलावे, आणि नंतर प्रत्येकाने वर्गात करून पाहिलेल्या एका प्रयोगावरून मूल्यमापन व्हावे. कचेऱ्यांतही पंधरवड्यातील एक दुपार यासाठी राखणे अवघड नाही. अभ्यासक्रम मराठीत असावेत, हे वेगळे सांगावयास नको.

प्रौढ माणूस शिकावयास नाखूश नसतो. आपला वेळ आणि आपली समज यांची कोणी कदर करीत नाही, हे त्याला खुपते. ती कदर झाली, तर शेवगावातील त्या रात्रीच्या विद्यार्थ्याला चित्रफीत नुसती पुढे सरकविण्याची गरज उरणार नाही. न कळलेला भाग तो आपण होऊन पुन्हा पाहील. शिक्षण खरे तेथून सुरू होते.