‘फाइव्ह जी’ची भीती आणि खरी अडचण

‘फाइव्ह जी’ची वारंवारिता जास्त, म्हणून धोकाही जास्त, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. तो चुकीचा आहे. २६ गिगाहर्ट्झच्या लहरींपेक्षा साध्या उजेडाची वारंवारिता हजारो पटींनी अधिक असते. क्ष-किरणांसारखी रेणू तोडण्याची ताकद या लहरींत नसते. त्या त्वचेत जेमतेम मिलिमीटरभर शिरतात. तीव्रता फार वाढली तर त्वचा गरम होते, एवढेच. शिवाय २०१२ मध्ये भारताने टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली.

पण ज्या लहरी कातडीत शिरत नाहीत, त्या भिंतीतूनही नीट जात नाहीत. पट्टा रुंद म्हणून वेग प्रचंड, पल्ला मात्र काहीशे मीटर; दाट झाडीनेही त्या अडतात. मेळघाटातल्या आरोग्य केंद्रातून रुग्णाचा ईसीजी जिल्ह्याच्या डॉक्टरांना पाठवायला एवढा वेग लागतच नाही. लागतो तो न तुटणारा सिग्नल, आणि तो ७०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यातून किंवा फायबरमधूनच मिळतो. शहरातल्या सोसायट्या टॉवर नको म्हणून अर्ज करतात. वीज गेल्यावर गावातला टॉवर किती तास चालतो, हे मात्र कोणी विचारत नाही.